जवळच्या उतारावरची नोएमिया

नोएमिया आमच्या लामेइरा गावात राहायला आली ती कुणाशी बोलावं लागू नये म्हणून. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्या ओट्यावर बसून पार अंधार पडेपर्यंत बोलत राहिली.

ऑक्टोबर होता. मी ओट्यावर चेस्टनट निवडत बसले होते, किडके एका टोपलीत, चांगले दुसऱ्या. समोरच्या बंद घरापाशी एक लहानशी निळी गाडी थांबली आणि आतून पन्नाशीची, आखूड केसांची, शहरी बूट घातलेली बाई उतरली. ते घर आमच्या इल्दाच्या आईचं. म्हातारी गेल्यापासून त्याला कुलूप होतं. इल्दा तेव्हा लिस्बनला नोकरी करायची, आणि ही बाई तिथे तिच्याच शेजारच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं बसत आलेली. इल्दा दर हिवाळ्यात ऑफिसात आमच्याकडचे भाजलेले चेस्टनट न्यायची. ते खाता खाता कधीतरी घराचा विषय निघाला असणार.

"तुम्ही झुल्मिरामावशी ना?" ती म्हणाली. "इल्दा म्हणाली होती, काही अडलं तर त्यांना विचार. पण मी काही विचारणार नाही हं. मला फक्त जरा शांतता हवीय."

"मग बस की," मी म्हटलं. "शांतता इथे हवी तेवढी आहे. माणसंच कमी पडतात."

ती बसली. मी तिच्यापुढे टोपली सरकवली, तशी तिनंही चेस्टनट निवडायला घेतले. तिची नोकरी लोकांच्या तक्रारी ऐकायची होती. वीज गेली, बिल चुकलं, मीटर बिघडला की माणसं फोन करायची, आणि फोनवर पलीकडे ही. कानाला यंत्र लावून सकाळपासून संध्याकाळपर्यंत. "मावशी, रोज कुणीतरी अनोळखी माणूस माझ्या कानात ओरडायचा. मी गोड आवाजात म्हणायची, आपली अडचण मी समजू शकते. तो आणखी ओरडायचा. मी आणखी गोड." पुढे पुढे तिला ऑफिस सुटल्यावरही कानात गुणगुण ऐकू यायला लागली. दुकानात, बसमध्ये, उशीवर डोकं टेकल्यावरसुद्धा. नवरा केव्हाच वेगळा झाला होता. मुलगी सिल्विया मोठी होऊन आपल्या संसाराला लागली होती. एका सकाळी नोएमियानं ते यंत्र कानावरून काढलं, टेबलावर ठेवलं आणि इल्दाला विचारलं, "तुझ्या आईचं घर अजून रिकामंच आहे ना?"

"आणि गुणगुण?" मी विचारलं.

तिनं कानोसा घेतला. "आहे अजून," ती म्हणाली. "पण इथे ती एकटीच आहे."

आमचं गाव म्हणजे एका डोंगराच्या खांद्यावर वसलेली दगडी घरं. निम्म्याहून जास्त बंद. माणसं फ्रान्सला गेली, पोर्तोला गेली, राहिलो ते आम्ही सगळे म्हातारे. अशा गावात नवीन चूल पेटली की ती कुणी एकटी सोडत नाही. दुसऱ्या दिवशी नोएमियाच्या उंबऱ्यावर कोबीचा गड्डा. तिसऱ्या दिवशी बटाटे. मग अंडी, मग कुणाच्या तरी चुलीवर धुरी दिलेलं सॉसेज. ती घाबरीघुबरी माझ्याकडे आली.

"मावशी, हे कोण ठेवून जातं? मला आभार मानायचेत."

"ते विचारायचं नसतं."

"मग परतफेड कशी करायची?"

"तुझ्याकडे काही जास्तीचं झालं की दिसेल त्या उंबऱ्यावर ठेव. चुकीचा उंबरा असा काही नसतो."

तिला हे पटायला निम्मा हिवाळा जावा लागला. तोवर ती दाराला आतून कडी लावायची, आणि त्याचा सगळ्यात जास्त राग अदेरितोकाकांना. काका ऐंशी ओलांडलेले, अंगानं काटकुळे आणि जिभेनं तिखट. गावच्या शेळ्यांमध्ये त्यांचा जन्म गेला होता. ते भर गल्लीत काठी आपटून ओरडायचे, "अगं लिस्बनवाले! कडी कुणासाठी लावतेस? इथे चोर म्हणून मी एकटाच उरलोय, आणि मला तुझ्या दारापर्यंत चढून यायलाच दुपार होते!"

ती आतून हसायची. कडी मात्र निघाली नाही.

शेळ्यांचं आमच्याकडे असं आहे. कळप एकच, मालक सहा. बेल्मिरोच्या सगळ्यात जास्त, माझ्या मोजून दोन. सकाळी शिंग वाजलं की प्रत्येक घरातून आपापल्या शेळ्या गल्लीत सुटतात आणि ज्या घराची पाळी असेल त्या घरचा माणूस सगळ्यांच्या शेळ्या वळायला नेतो. पण पाळी असली तरी पाय हवेत. आमच्यातले बरेच जण उतारावर जायच्या लायकीचे राहिले नव्हते, म्हणून कितीतरी वर्षं सगळ्यांची पाळी अदेरितोकाकाच करत आले होते. त्या जानेवारीत काका बर्फावरून घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं.

रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर जमलो. बेल्मिरोनं विषय काढला. बेल्मिरो साठीचा, दांडगा, फ्रान्समध्ये रस्ते बांधून परत आलेला. फादरशी त्याचं कसल्याशा वर्गणीवरून भांडण झालेलं, म्हणून तो चर्चच्या आत पाऊल टाकत नसे, बाहेर भिंतीला टेकून उभा राही.

"व्यापारी गुरुवारी येतोय," तो म्हणाला. "सगळ्या एकदम देऊन टाकू. रडत बसण्यात अर्थ नाही."

शेळ्या गेल्या की चीज गेलं, खत गेलं, सकाळचं शिंग गेलं. मग गावात उठायचं तरी कशासाठी? पण वळायला जाणार कोण?

"मी जाईन," मागून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. नोएमिया. मिस्सेला ती यायची नाही, पण त्या दिवशी तिच्या हातात अंड्यांची टोपली होती. कुणाच्या तरी उंबऱ्यावर ठेवायला निघाली असणार.

"तुम्ही?" बेल्मिरो म्हणाला. "बाई, तुमची तर एक शेळी नाही या कळपात."

"म्हणूनच तर. कुणाची शेळी जास्त चरते हे मला बघावं लागणार नाही."

अदेरितोकाका इस्पितळातून परतून खुर्चीत बसलेले होते. हे कानावर आल्यावर ते इतके हसले, की हाडाच्या दुखण्यानं कळवळून पुन्हा आडवे झाले. "जाऊ दे तिला," ते म्हणाले. "शेळ्यांनाही जरा करमणूक हवी."

पहिल्या दिवशी करमणूक झाली ती सगळ्या गावाचीच. शिंग तिला वाजेना, तेव्हा ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि तिच्या त्या फोनवरच्या आवाजात म्हणाली, "चला, यायचंय ना आता? या, या, अगदी सावकाश." आम्ही खिडक्यांतून पोट धरधरून हसत होतो. पण शेळ्या थांबल्या. कान टवकारून बघत राहिल्या. इतक्या अदबीनं त्यांच्याशी आजवर कुणी बोललेलं नव्हतं. आणि मग अख्खा कळप तिच्यामागून निघाला, तो थेट बेल्मिरोच्या कोबीत.

बेल्मिरो धावत आला. काय ओरडला! सगळा वाफा तुडवला, आंधळी आहे का ही बाई, शहरातली ब्याद गावात कुणी घेतली, असं बरंच काही. मी काठी टेकत पोचले तोवर त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. नोएमिया त्याच्यासमोर सरळ उभी. शेळ्या मागे कोबी खातायत. आणि ही त्याला म्हणते, "आपली अडचण मी समजू शकते."

"काय?" बेल्मिरो म्हणाला.

"आपला त्रास मी समजू शकते. आणखी काही सांगायचंय का?"

त्याचं तोंड उघडंच राहिलं. आणि मग ती हसायला लागली. इतकी, की तिला खाली बांधावर बसावं लागलं. "अहो," ती डोळे पुसत म्हणाली, "इतकी वर्षं लोक माझ्यावर ओरडले, पण समोर उभा राहून ओरडलेला तुम्ही पहिलाच. तोंड तरी दिसतंय! कपाळावरची शीर दिसतेय! ओरडा, ओरडा, मला काही वाटत नाही."

आता असल्या माणसावर कोण ओरडणार? बेल्मिरो नाक फेंदारून उभा राहिला. मग त्यानं चार शेळ्या शिंगाला धरून बाहेर ओढल्या आणि उरलेल्यातला एक शाबूत गड्डा उपटून तिच्या हातात कोंबला. "हा घेऊन जा. नाहीतरी तुमच्या पोरी तो उद्या खाणारच."

त्या रात्रीपासून कडी निघाली. मला आवाज यायचा ना, समोरच राहते मी. तो आलाच नाही.

वसंतापर्यंत तिच्या तळव्यांना घट्टे पडले, शहरी बूट फाटून गेले. फक्त एक गोष्ट तिला कधी जमली नाही. तिला उंचावर भीती वाटायची. वरची कुरणं, जिथे अदेरितोकाका कळप न्यायचे, तिथे जायची वाट कड्याच्या काठानं जाते. नोएमिया एकदा गेली, अर्ध्या वाटेवर गुडघ्यांवर बसली आणि शेळ्यांच्या मागून रांगत परत आली. त्यानंतर तिनं वरचं नावच टाकलं. रोज सकाळी ती कळप घेऊन जायची ती गावाच्या अगदी खालच्या उतारावर, घरांपासून हाकेच्या अंतरावर. तिथे आमच्या आजोबा-पणजोबांनी रचलेले दगडी बांध आहेत. एके काळी तिथे राय नावाचं धान्य पिकायचं. माणसं गेल्यावर सगळ्या उतारावर काटेरी झुडपं माजली होती, पुरुषभर उंच, थेट खालच्या पाइनच्या रानापर्यंत.

"शेळ्यांना काटे खायला घालते ही," बेल्मिरो कुरकुरायचा. "वर लुसलुशीत गवत वाळतंय आणि आमच्या शेळ्या खाली काटे चावतायत. दूध बघा किती उतरलंय."

"मग तुमची पाळी तुम्ही करा आणि वर न्या," नोएमिया म्हणायची.

"माझे गुडघे!"

"मग काटे."

तिचं नावच पडलं, जवळच्या उतारावरची बाई. तिला त्याचं काही नव्हतं. ती बांधावर बसायची आणि गावातली हाक तिला ऐकू यायची, तिची आम्हाला. कुणाला औषधं हवी असली तर मंगळवारी निळी गाडी तालुक्याला जायची, त्यात आम्ही खच्चून भरलेल्या. कुणाच्या मुलाचा फ्रान्सहून फोन आला आणि म्हातारीला ऐकू येईना, की ती फोन हातात घ्यायची आणि दोघांचंही बोलणं दोघांना पोचवायची. एकदा मी तिला विचारलं, "काय गं, तू तर गप्प राहायला आली होतीस?"

"हो ना," ती म्हणाली. "पण मावशी, इथे फोन ठेवल्यावर माणूस नाहीसा होत नाही. ते बरं वाटतं."

अशी जवळजवळ तीन वर्षं गेली. तिसऱ्या ऑगस्टात सिल्विया आली. आमच्या संत मामेदचा उत्सव ऑगस्टातच असतो, त्याचं निमित्त. खरं कारण वेगळं होतं. मुलगी आईसारखीच आखूड केसांची, पण घाईची. तिसऱ्याच वाक्याला तिनं विषय काढला, तोही माझ्यासमोर, सूप वाढलेलं असताना.

"आई, झाली ना हौस? आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. इथे तुला काही झालं तर? दवाखाना किती लांब आहे माहितेय?"

"माहितेय. मीच नेते सगळ्यांना."

"आणि तुला कोण नेणार?"

नोएमियानं चमचा सुपात फिरवला. मी म्हटलं, "सूप निवतंय." तेवढ्यावर ते राहिलं, पण मुलीचा चेहरा काही निवळला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आईच्या कपाटातले हिवाळी कपडे काढून घड्या घालायला सुरुवात केली होती.

त्याच दुपारी वारा सुटला. पूर्वेचा, कोरडा, भट्टीचं दार उघडल्यासारखा. आधी वास आला. मग पाइनच्या रानामागून धूर वर चढला, पांढरा, मग पिवळट, मग काळा. आमच्याकडे वणवे नवीन नाहीत, पण हा आमच्याच दिशेनं येत होता.

पोलिसांची जीप हॉर्न वाजवत गल्लीत शिरली. सगळ्यांनी निघायचं, लगेच, तालुक्याच्या शाळेत सोय केलीय. म्हाताऱ्यांना हाताला धरून बसवलं. सिल्वियाच्या गाडीतही तिघी कोंबल्या. सिल्विया ओरडत होती, "आई कुठाय? आई!"

आई उतारावर होती, शेळ्यांबरोबर. आणि अदेरितोकाका आपल्या खुर्चीत, दारात. "मी नाही येत," ते पोलिसाला म्हणाले. "शेळ्या वर आल्याशिवाय मी हलत नाही. उचलून न्यायचं तर न्या, पण मी चावतो."

पोलीस कोवळा होता, गांगरला. तेवढ्यात खालून घंटांचा आवाज आला. नोएमिया कळप घेऊन वर येत होती, ओढणी तोंडाला बांधून. वारा इतका, की तिचा आवाज ऐकू येत नव्हता, पण शेळ्या तिच्या पायापायांत चालत होत्या, एकही फुटली नाही. मी मात्र पुढचाच विचार करत होते. गोठ्यांवर लाकूड आहे, गवत आहे. तिथे कळप कोंडणं म्हणजे चुलीत घालणं.

चर्चची किल्ली माझ्याकडे असते. फादर महिन्यातून एकदा येतात, झाडलोट मी करते. चर्च सगळं दगडाचं, भोवती फरसबंद अंगण, झाड नाही की झुडूप नाही.

"इकडे आण!" मी ओरडले आणि दार सताड उघडलं.

"मावशी, चर्चमध्ये?"

"संत मामेद गुराढोरांचाच राखणदार ना? त्याच्या घरी नाही न्यायची तर कुणाच्या?"

कळप आत शिरला. दगडी फरशीवर खुरांचा असा काही गजर झाला, की उत्सवातसुद्धा कधी होत नाही. काकांना पोलिसानं आणि नोएमियानं खुर्चीसकट उचलून आत आणलं. पोलिसाला वायरलेसवरून हाक आली, रस्ता बंद होतोय, असाल तिथून निघा. त्यानं आमच्याकडे बघितलं, मी म्हटलं, "जा बाळा, गाडीत भरलेल्यांना पोचव. आम्ही दगडात आहोत." जीप गेली. तिच्यामागून गाड्या गेल्या. मी दार लोटणार तोच सिल्विया धावत आत आली. गाडीची किल्ली तिनं शेजारणीच्या, उत्सवाला आलेल्या जावयाच्या हाती दिली होती.

"तू का नाही गेलीस?" नोएमिया किंचाळली. तिला तसं ओरडताना मी प्रथमच ऐकलं.

"तू का नाही गेलीस?" सिल्वियानं तितक्याच जोरात विचारलं.

मग दोघींनी मिळून वेदीवरची कापडं पवित्र पाण्याच्या कुंडात आणि माझ्या बादलीत बुडवून दाराच्या फटींना लावली. दार पुन्हा धडाधडा वाजलं. बेल्मिरो. नखशिखांत भिजलेला, छपरावर पाणी मारता मारता पाण्याचा दाब गेला म्हणून आलेला. उंबऱ्यावर क्षणभर थबकला.

"ये की आत," काका म्हणाले. "फादर नाहीयेत. तुझ्यापेक्षा वाईट वागणारे बरेच आलेत आज." बेल्मिरोच्या शेजारीच एक बोकड संताच्या पायाशी ठेवलेली फुलं खात होता.

बाहेरचा आवाज मला सांगता येणार नाही. मोठा मालट्रक चढावर घरघरत यावा आणि थांबूच नये, तसं काहीसं. खिडक्यांच्या काचा नारिंगी झाल्या. शेळ्या थरथरायला लागल्या, एकीनं बिथरून बाकावर उडी मारली आणि सगळा कळप उसळणार असं वाटलं. तेव्हा नोएमिया त्यांच्या मधोमध खाली बसली आणि बोलायला लागली. त्याच आवाजात. एकेकीला नावानं. "काळे, मला कळतंय गं तुझं. ठिपके, सावकाश. शिंगमोडे, मी इथेच आहे, कुठे जात नाही." शेळ्या निवल्या. सिल्विया आईच्या पाठीला पाठ लावून बसली होती, डोळे मिटून, तिचाही श्वास हळूहळू संथ झाला. आणि माझाही. खोटं कशाला बोलू, बेल्मिरोनं माझा हात धरला होता आणि मी तो सोडवला नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग भोंगा वाजला. बंबाचा. पुन्हा वाजला, जवळ. दार ढकलून काजळलेल्या तोंडाचा एक जवान आत डोकावला.

"कोण आहे आत? किती माणसं?"

"माणसं पाच," काका म्हणाले. "बाकी गावकरी."

त्याच क्षणी शिंगमोडीनं त्याच्या अंगावरून उडी घेतली आणि सगळा कळप तिच्यामागून अंगणात.

आम्ही बाहेर आलो. खालचं पाइनचं रान नव्हतंच, काळे खांब तेवढे उभे. पण आग रानातून वर उसळून बांधांपाशी आली होती आणि तिथे तिला खायला काही मिळालं नव्हतं. तीन वर्षं चावून चावून भुईसपाट झालेला उतार. ज्वाळा गुडघ्याइतक्या खाली आल्या, आणि तिथेच जवानांनी बांधावर उभं राहून त्या झोडपून विझवल्या.

"हा उतार कुणी साफ केला?" त्यांच्या म्होरक्यानं विचारलं. "नशीबवान आहात. हा नसता तर आम्हाला उभं राहायलाही जागा नव्हती."

आम्ही सगळ्यांनी नोएमियाकडे बघितलं.

"हिनं," बेल्मिरो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "वर जायला घाबरते म्हणून."

आधी काका हसले. मग मी. मग तो म्होरक्याही, काही न कळता. नोएमियानं तोंड झाकून घेतलं, आणि हसतेय की रडतेय ते मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

सगळं काही सुखरूप राहिलं असं मात्र नाही. वाऱ्यानं ठिणग्या वरून फेकल्या होत्या, आणि गल्लीच्या टोकाची दोन छपरं पेटली. त्यातलं एक नोएमियाचं. जुन्या तुळया जळून खाली आल्या होत्या, घड्या घातलेले हिवाळी कपडे राख झाले होते. धुमसत्या दाराशी सिल्विया उभी राहिली. "आई, घर गेलं."

नोएमियानं बराच वेळ बघितलं. मग पायरीवरची राख हातानं झटकली आणि तिथेच बसली. "छप्पर गेलं," ती म्हणाली. "मला आज वाटलं होतं की काका गेले. मग तू आत आलीस तेव्हा वाटलं की तू गेलीस. सिल्विया, मला आत्ता इतकं हलकं वाटतंय, की ते छपराचं दुःख उद्या करीन म्हणते. चालेल ना?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून सगळे परतले. गल्लीत काय मिठ्या, काय रडारड. फ्रान्सहून फोनवर फोन. फादरही आले. दार उघडून आत बघितलं, लेंड्या, चावलेली फुलं, ओली कापडं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "झाडू कुठे असतो, झुल्मिराबाई?" आणि बाह्या सरसावल्या. बेल्मिरो दुसरा झाडू घेऊन आत गेला. दोघं काय बोलले ते आम्ही ऐकलं नाही, पण बाहेर आले तेव्हा दोघांच्याही हातात वाईनचा ग्लास होता.

सिल्विया मला वाटलं होतं त्याप्रमाणे आईला घेऊन निघाली नाही. संध्याकाळी माझ्याकडे आली, कांदा चिरायला घेतला आणि खाली बघत म्हणाली, "मावशी, आई हिवाळाभर कुठे झोपेल इथे?"

मी सुरी खाली ठेवली. पोरीनं "इथे" म्हटलं होतं.

"बेल्मिरोच्या भावाचं घर रिकामं आहे. किल्ली त्याच्याकडे आहे. नाहीतर माझी खोली आहे."

"आणि तिला दवाखान्यात कोण नेणार?"

"मी," दारातून बेल्मिरो म्हणाला. तो किल्लीच घेऊन आला होता. "माझ्याकडे ट्रॅक्टर आहे. हळू जातो, पण पोचतो."

छपराला ऑक्टोबर उजाडला. तुळया बेल्मिरोनं वरच्या रानातून आणल्या, फादर पलीकडच्या गावातून चार धट्टेकट्टे लोक घेऊन आले, सिल्वियाचा नवरा लिस्बनहून आला आणि पहिल्याच दिवशी शिडीवरून पडता पडता वाचला, म्हणून त्याला स्वयंपाकाला लावलं. त्याचं सूप खारट झालं आणि ते आम्ही सगळ्यांनी निमूट प्यायलं. काकांनी खुर्चीत बसून प्रत्येकाला शिव्या दिल्या. मुलगी परत गेली तेव्हा तिच्या गाडीत चीज, बटाटे आणि एवढे कोबी भरले होते, की मागची काच दिसेना.

"नाताळला येते," ती म्हणाली. "पण शेळ्या वळायला मला पाठवायचं नाही हं."

"पाळी सगळ्यांना असते," काका म्हणाले.

नाताळला ती आली, आणि गेलीही उतारावर.

अदेरितोकाका गेल्या वर्षी गेले. आपल्या पलंगावर, झोपेत, शेळ्यांचं शिंग वाजल्यानंतर. इल्दा निवृत्त होऊन परत आलीय, आईच्या घरात नोएमियाबरोबरच राहते, आणि फ्रान्सहून एक तरुण जोडपं बेल्मिरोच्या भावाच्या घरात राहायला आलंय. त्यांचं बाळ रडलं की अख्खी गल्ली उठते आणि कुणी तक्रार करत नाही.

नोएमिया आता माझ्याबरोबर चर्चच्या दक्षिणेच्या भिंतीला टेकून बसते. तिथे हिवाळ्यातही ऊन असतं. परवा मी तिला विचारलं, "लिस्बनची आठवण येते का गं कधी?"

"येते ना," ती म्हणाली. "समुद्राची येते."

मग ती म्हणाली, "जरा सरका ना मावशी, सगळं ऊन तुमच्याच बाजूला आहे."

मी सरकले.